कॅरिअरवरचा माणूस

…लाल दोरी. पीळ पडलेली, चिखलाने काळवंडलेली, एक टोक इंजिनाच्या बटणात अडकवलेलं आणि दुसरं सावळाभाऊंच्या मनगटाला. खरं तर ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची असते — माणूस पडला की दोरी निसटते, इंजिन बंद. पण गिऱ्हाईक पडत नाही, गिऱ्हाईक घाबरतं, आणि घाबरलं की वेगाच्या खटक्यावरचा अंगठा आणखीच दाबून धरतं. म्हणून लोहगडवाडीच्या या माळावर पहिल्यापासून रीतच पडली की गाडीच्या सीटवर पाहुणा आणि त्याच्या मागे, सामानाच्या कॅरिअरवर, लोखंडी दांडा धरून उभे सावळाभाऊ. दोरी त्यांच्याकडे. वल्लरीला या रीतीचा अभिमान होता, अगदी आज सकाळपर्यंत.

सकाळी ती चहा गाळत असताना अनघाचा फोन आला. अनघा तळेगावची, कॉलेजातली मैत्रीण, आता विम्याची कामं करते. वल्लरी आणि तिचा नवरा धवल यांच्या तीन एटीव्ही — माळरानावर पळवायच्या, जाड चाकांच्या त्या गाड्या — त्यांचा विमा आज संपत होता, आणि नव्यात काय काय घ्यायचं ते ठरायचं होतं. गाडीचं नुकसान? घे. चोरी? घे. पाहुण्याला लागलं तर? ते तर हवंच. भाजीवाल्याकडे पिशवी पुढे करावी तशी वल्लरी हो हो म्हणत होती. मग अनघाने सहज विचारलं, तुमच्या व्हिडिओत मागे उभा असतो तो कोण गं?

"अगं, ही एका माणसाची गाडी. कॅरिअर सामानासाठी. तिथे उभा राहणारा ना चालक, ना प्रवासी. पडला तर कंपनी हात वर करेल."

"मग कामगार म्हणून घाल ना त्यांचं नाव."

"घालते की. पण मागे कुणी उभं राहत नाही असं लिहून द्यावं लागेल. आणि लिहून दिल्यावर खरंच उभं राहता कामा नये. संध्याकाळपर्यंत सांग."

चहा उतू गेला नाही, काही नाही. तो नीट गाळून तिने धवलला दिला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाव घालायचं तर सावळाभाऊंना खाली उतरवायचं. आणि ते उतरले की पाहुणा एकटा. मार्गशीर्षात ती पुण्याची मुलगी ओढ्याच्या कडेला निघाली होती, किंचाळत, अंगठा दाबून… भाऊंनी दोरी ओढली म्हणून. आणि खाली उतरलेल्या माणसाला काम तरी काय उरतं? धवल महिनाभर ठेवील, दुसऱ्या महिन्यात म्हणेल, नुसते उभेच असतात गं ते. वाईट नाही तो. पण म्हणेल.

"सांगितलंसच कशाला तिला?" धवल बशीत चहा ओतत म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं काही झालंय?"

झालं होतं. श्रावणात भाऊ घसरले होते कॅरिअरवरून, दगडावर गुडघा आपटून, आणि उठून स्वतःच हसले होते — म्हणून मीही हसले. हळद आणून दिली आणि हसले. तेव्हा ती हळद किती पुरेशी वाटली होती मला!

दुपारी ती माळावर आली. गर्दी नव्हती. सावळाभाऊ चाकातला गाळ काठीने काढत होते. शेजारी त्यांची बायको सावित्राबाई आपल्या टपरीत कणसं भाजत होती. वल्लरीने विषय काढला, जमेल तितका सोपा करून. तुमचा विमा काढायचाय भाऊ, पण मग मागे उभं राहता यायचं नाही.

"मंग त्यो इमा नकोच वैनी," भाऊ काठी न थांबवता म्हणाले. "मागं उभं न्हाई ऱ्हायलो तर हितं करू काय मी? आन् झालंच काई तर तुमी हायसा की."

किती हलकं वाटलं तिला! खांद्यावरून पाण्याची कळशी उतरावी तसं. आणि त्या हलकेपणातच तिला लख्ख कळलं की ती त्यांना विचारायला आलीच नव्हती. नको म्हणवून घ्यायला आली होती. स्वतःची लाज वाटली. तरी हलकंच वाटत राहिलं.

"ह्ये म्हणत्यात त्ये ऱ्हाऊ द्या," सावित्राबाई मागून बोलली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी सांगा वैनी. आत्ता कुटं ह्येंचं नाव हाय का न्हाई?"

"आहे," वल्लरी म्हणाली.

कसं गेलं तोंडातून, कोण जाणे. सावित्राबाईने मान हलवली, कणीस फिरवलं. तिच्यापुरतं ते मिटलं. खोटं बोललं की वल्लरीचा घसा सुकतो, शाळेत असल्यापासून. आता सुकला नाही.

हातातला फोन थरथरू लागला. अनघा. अजून वेळ आहे, अजून हे खरं करता येईल… पण खरं केलं तर समोरच्या या माणसाला खाली उतर म्हणावं लागेल, आणि त्याने तर आत्ताच… फोन थरथरून थांबला. खाली रस्त्याला एक गाडी वळली, पोरं उतरली, आणि भाऊ काठी टाकून नेहमीच्या लगबगीने कॅरिअरवर चढले.

ते पडतील ही भीती सकाळपासून तिच्या छातीत होती. आता तिथे वेगळीच भीती येऊन बसली — की ते पडणार नाहीत, या वर्षी नाही, पुढच्याही नाही, आणि आपलं हे ‘आहे’ असंच चालून जाईल.