पांढऱ्या राजाचा वळसा

हे लिहून ठेवायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. म्हटलं, कोण वाचणार? राजा म्हटला की लोकांना लढाया हव्या असतात. माझ्या गोष्टीत मी एकदा मागं सरकतो, बस, एवढंच. पण ती चाल आठवली की अजूनही अंगातल्या लाकडात काहीतरी सळसळतं. म्हणून लिहितोय. जमेल तसं, तुटक तुटक.

मित्रांनो, मी बुद्धिबळातला एक जुना पांढरा राजा आहे. लाकूड कातणाऱ्या एका कातार्‍यानं मला चरकावर फिरवून घडवलं. माझ्या डोक्यावरची गोळी जराशी कलती राहिली. तो म्हणाला, "राहू दे, विचारात पडल्यासारखा दिसतो." मला ते फार आवडलं होतं. मी विचारबिचार काही करत नव्हतो, पण दिसत होतो ना!

मला विकत घेतलं ते मावशीनं. ती तेव्हा स्त्रियांच्या मोठमोठ्या स्पर्धा खेळायची. पुढं तिनं खेळणं थांबवलं आणि घरातल्या पुढच्या खोलीत मुलींना शिकवायला लागली. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या नवऱ्याचं शिवणयंत्र होतं. ते शिंपी. सगळ्या मुली त्यांना काका म्हणायच्या. एकीकडे यंत्राची टकटक, एकीकडे आमची. दुपारी खिडकीतून ऊन आलं की कापडाची बारीक धूळ हवेत तरंगायची आणि मला वाटायचं, आपण पटावर नाही, पाण्याच्या तळाशी उभे आहोत.

मावशी उलटं शिकवायची. म्हणजे शेवटापासून. पहिल्या दिवशी डब्यातून ती फक्त दोन राजे आणि एक प्यादं काढायची. बाकी सगळे आत. वजीर तर डब्यात पडून कुरकुरायचा, "मला पेन्शनीत काढलंय का?"

एरवी राजाचं आयुष्य काय असतं, सांगतो. डाव सुरू झाला की त्याला उचलून कोपऱ्यात बसवतात. पुढं प्याद्यांची भिंत, शेजारी हत्ती. हलू नको, बघू नको, खोकू नको. मग सगळे एकेक करून मरतात, पट रिकामा होतो, आणि अचानक कुणीतरी म्हणतं, "चला महाराज, आता तुम्हीच." मावशी म्हणायची, "शेवटाला राजानं चालायचं असतं. बसून राहिला तर त्याला राजा कशाला म्हणायचं?"

ती मोठ्या खेळाडू बायकांच्या डावांचे फक्त शेवट मांडायची. एक होत्या डॉक्टरीणबाई. त्यांचं प्यादं पुढं निघालं की त्या हत्ती त्याच्या मागं उभा करायच्या. प्यादं जितकं पुढं जाईल तितकी हत्तीला जागा मोकळी. आणि एक होती मफलरवाली. हरलेला डाव वाचवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एकदा तिच्याकडे नुसता हत्ती उरला होता आणि समोरचीकडे हत्ती आणि प्यादं. तिनं घाबरून शह देत सुटायचं सोडून आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर हत्ती आडवा ठेवला आणि गप्प बसली. प्यादं पुढं आलं, तसा हत्ती पार लांब, पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि तिथनं शहावर शह. डाव बरोबरीत. मावशी म्हणायची, "बघा गं, हिला वाट बघता येते."

हे ती ज्या मुलीकडे बघून म्हणायची, ती तिची सख्खी भाची. तिचं नाव आम्ही कुणीच घेत नसू. तिला सगळे घाईच म्हणायचे. चप्पल घालायची घाई, बोलायची घाई, जिंकायची तर विचारूच नका. लहानपणी एकदा ती मला घेऊन काळ्या राजाच्या मागं लागली. मला पुढं आणलं, प्यादं ढकललं, परत मला पुढं आणलं आणि ओरडली, "कोंडला! मावशी, कोंडला!"

"शह आहे का त्याला?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"हलायला घर आहे?"

"एकसुद्धा नाही!"

"मग डाव बरोबरीत. दार लावलंस गं बाई, पण किल्ली आतच राहिली."

यंत्रावरून काका हसले आणि घाई रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली.

माझी सगळ्यात जुनी ओळख काळ्या राजाशी. मी त्याला काळोबा म्हणतो. बुद्धिबळात दोन राजांना कधीच लागून उभं राहता येत नाही, मध्ये एक घर सोडावंच लागतं. जन्मभर आम्ही एकमेकांकडे बघत आलोय, एक घर लांबून. त्याच्या मानेजवळ एक रेघ आहे. लाकडाची आहे की चरा आहे, ते मला कधी कळलं नाही. तेवढं जवळ जाताच आलं नाही.

मग मावशीच्या डोळ्यांवर पडदा चढत गेला. आधी काळं-पांढरं एक झालं, मग सगळंच धुरकट. मुली यायच्या बंद झाल्या. आम्ही डब्यात गेलो आणि डबा कपाटावर गेला. तिथला काळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. झोपेतल्या झोपेत कूस बदलावी तसा. कधीतरी खालून यंत्राची टकटक ऐकू यायची. एवढ्यावरून कळायचं की घर अजून चालू आहे.

एक दिवस डबा उघडला. काकांनी एक पट शिवला होता. कापडाचा! पांढरी घरं गुळगुळीत साटीनची, काळी घरं जाड्याभरड्या कापडाची, मध्ये उठावाची शिवण. मावशीनं त्यावरून बोटं फिरवली, मग परत पहिल्या घरापासून फिरवली.

"काय गं, माप चुकलं का?" काका म्हणाले.

"गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. "मला दिसतंय."

आता त्या दुपारकडे येतो. घाई मोठी झाली होती, स्त्रियांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली होती. समोर कोण? मफलरवाली, गतविजेती. अख्ख्या सामन्यात दोघींचे गुण बरोबरीत चालले होते. मधल्या एका डावात घाई जिंकत आली होती आणि हातातला डाव तिनं पळत जाऊन बरोबरीत सांडला. आता शेवटचा डाव उरला होता. बरोबरी झाली तरी किताब मफलरवालीकडेच राहणार होता. पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसलेल्या घाईला जिंकायलाच हवं होतं.

डाव दूरच्या शहरात, आणि आम्ही इथं. काका मोबाइलवर चाली बघून वाचणार आणि मावशी बोटांनी आम्हाला हलवणार. पटाच्या प्रत्येक घराला नाव असतं, एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा. काकांना बुद्धिबळातलं काही म्हणजे काही कळत नाही.

"घोडा गेला," काका म्हणाले.

"गेला म्हणजे मेला की हलला?"

"ते मी कसं सांगू? बी पाच लिहिलंय. नाही, थांब. डी पाच. अगं, हे बी आणि डी म्हणजे एकाच मापाची दोन पोटं. एकाचं पुढं, एकाचं मागं."

"चष्मा पुसा आधी."

असं करत करत संध्याकाळ व्हायला आली. एकेक जण पटावरून उठून गेला. वजीर गेले, घोडे गेले, शेवटी हत्तींची अदलाबदल झाली. उरलो आम्ही. मी आणि माझी दोन प्यादी, काळोबा आणि त्याचं एक. मला वाटत होतं, तिकडे दिव्यांच्या दालनात माझ्यासारखाच एक राजा उभा आहे आणि मी त्याची सावली आहे. किंवा तो माझी. त्याला उचललं की इथं माझं बूड साटीनवरून सुटायचं.

मी डी पाचवर. माझं पुढचं प्यादं काळोबाच्या अगदी तोंडाशी. काळोबा मागच्या ओळीत सी आठवर, त्याची वाट अडवून. माझं दुसरं प्यादं आणि त्याचं एकुलतं प्यादं डोक्याला डोकं लावून अडकलेली. गंमत अशी, मित्रांनो, की आत्ता जर चाल काळोबाची असती तर तो संपला होता. तो जिकडे सरकेल तिकडून मला आत शिरायला वाट मिळाली असती. पण चाल आमची होती. मी सरळ पुढं गेलो, प्यादं ढकललं, त्याला राखायला बाजूला सरकलो, की झालाच तो लहानपणीचा डाव. काळोबा कोंडला, शह नाही, बरोबरी.

मावशीचं बोट माझ्या डोक्यावर येऊन थांबलं.

"काय खेळली?"

"अजून काहीच नाही."

"काहीच नाही?"

"विचार करतेय वाटतं."

"घाई? विचार?" मावशी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ती पुढं जाणार हो. जन्मात कधी मागं गेलेली नाही ती. तुम्ही बंद करा ते. मला नाही ऐकायचं."

काकांनी बंद केलं नाही. यंत्राच्या चाकावर हात ठेवून ते बसून राहिले. ऊन पटाच्या कडेवरून उतरून जमिनीवर गेलं.

"आली," काका म्हणाले. "राजा. सी चार."

मावशी हललीच नाही. "परत वाचा."

"सी चार."

"पाच असेल. तुमचं नेहमीचंच."

"अगं, चार आहे! चार मला कळतो, बटणं मोजतो ना मी रोज."

"आणि अक्षर? पोट आहे का त्याला?"

"पोटच नाही. पुढून उघडं आहे नुसतं."

"अहो, मला हवं तेच ऐकू येत असेल. परत एकदा वाचा."

काकांनी यंत्रावरून उठून मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला, जणू ती वाचणारच आहे. आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "राजा. सी. चार. तो मागं गेलाय."

तेव्हा कुठं मावशीनं मला उचललं आणि तिरकं मागं ठेवलं. माझ्या आयुष्यात मी पुढं खूपदा गेलो असेन. पण असं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या मागं सगळा पट मोकळा होता, पहाटेच्या मैदानासारखा. काळोबाच्या मागं मात्र भिंत. त्याला त्याच चार घरांत घुटमळायचं होतं, आणि मला फेरफटका मारायला अख्खं रान होतं.

"काळा राजा डी आठ."

"हं."

"आपला राजा डी चार."

"हं!" मावशी आता खुर्चीच्या कडेवर आली होती.

"काळा परत सी आठ."

"वाचा, वाचा."

"आपला राजा डी पाच." काका थांबले. "अगं, हे तर पहिल्यासारखंच झालं की! एवढं फिरून आली तिथंच?"

"तिथंच," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "पण आता चाल कुणाची?"

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "काळ्यांची."

दोन पावलांची वाट आम्ही तीन पावलांत चाललो होतो. एवढाच तो वळसा. पण त्यानं पाळी उलटली. काळोबाला उभं राहायला मिळालं असतं तर तो वर्षभर उभा राहिला असता. पण बुद्धिबळात "मी नाही हलत" म्हणता येत नाही. तो हलला, मी बाजूनं आत शिरलो, त्यांचं प्यादं पडलं. थोड्या वेळानं काका म्हणाले, "मफलरवालीनं हात पुढं केला, डाव सोडला असं लिहिलंय."

फोन यायला वेळ लागला. आला तो ओरडतच आला.

"मावशी!"

"ओरडू नकोस, डोळे गेलेत, कान नाही. मागं गेलीस?"

"गेले."

"कशी काय गं?"

"हात निघाला होता पुढं. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. अजून मुंग्या आहेत."

काका इतके हसले की त्यांच्या कानामागचा खडू खाली पडला.

"बरं," मावशी म्हणाली. "घरी ये. आल्यावर हाच शेवट परत मांडायचा. तू काळ्याकडनं बसायचंस."

"हरणाऱ्या बाजूनं? आज तरी नको ना गं!"

"किताब आता तुझ्याकडे आहे. पुढच्या खेपेला कुणीतरी घाई करत तुझ्या अंगावर येईल. मफलरवाली तिथं बसून इतका वेळ काय शोधत होती, ते तुला कळायला नको?"

पलीकडून फक्त "येते," आणि पहिल्यांदाच फोन सावकाश ठेवला गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा डबा वर पडला असेल. काढा खाली. सोंगटी हरवली असेल तर बटण ठेवा. शेवटापासून सुरू करा. दोघंच पुरतात.

डाव संपल्यावर मोठ्या स्पर्धांमध्ये एक रीत असते. दोन्ही राजांना पटाच्या मध्यावर आणून ठेवतात. पांढरा जिंकला तर दोघांनाही पांढऱ्या घरांत. मावशीनं ते कधी चुकवलं नाही, त्या दिवशीही नाही. तिनं आम्हाला चाचपत उचललं आणि साटीनच्या दोन घरांत ठेवलं, कोपऱ्याला कोपरा लागून. इतक्या जवळून पाहिलं तेव्हा कळलं, काळोबाच्या मानेवर चरा नाही. लाकडाचीच रेघ आहे, जन्मापासूनची.

"मी चुकलो कुठं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हणालो. "तुझी पाळी आली, एवढंच."

तो म्हणाला, "पोरगी आता माझ्या बाजूनं बसणार आहे म्हणे. तू मुद्दाम ढिला नाही ना पडणार? दया म्हणून?"

"नाही," मी त्याला शब्द दिला. "तुला एक घरसुद्धा फुकट सोडणार नाही. तू अडव, जितकं अडवता येईल तितकं. मी फिरून फिरून येत राहीन."