दोन माणसांची गाडी

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण लिहायला हरकत नसावी. भैय्यालाल. साकोलीत हायवेवर आमचं धान-तांदळाचं दुकान. एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात हे चिखल्याला गेले ते जीप आणायला. तिथल्या मँगनीजच्या खाणीतल्या जुन्या सामानाचा लिलाव होता, आणि खेड्यापाड्यांतून धान उचलायला आम्हाला जीप हवी होती. जीप कोण्या ठेकेदाराने नेली. हे तिसऱ्या दिवशी परतले ते ट्रकच्या मागे दोराने बांधलेलं एक हिरवं, बसकं, बिनछताचं प्रकरण घेऊन.

एमजी म्हणतात हिला, यांनी सांगितलं. विलायती, शर्यतीच्या जातीची. खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाने आणली होती. साहेब गेला, गाडी पंधरा वर्षं मोहाच्या झाडाखाली राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. लिलावाला आलेल्या लोकांनी आत डोकावून दोनच सीटा पाहिल्या आणि हसत पुढे गेले. कोणी बोलीच लावली नाही, म्हणून ती यांना बैलजोडीच्या भावात मिळाली.

मी मुळातच तापट. ट्रकवाला चहा पीत होता, त्याच्यासमोरच मी बोलले, "अवो, धानाचा बोरा कुठी ठेवाल हिच्यात? मांडीवर?"

यांनी उत्तर दिलं ते सासूबाईंकडे पाहून. "माय, बाबाच्या पटाच्या बैलाईले कोनी नांगराले जुंपलं होतं का?"

माझ्या सासूबाई, देवकाबाई, यावर पुढे होऊन पदराने गाडीवरची धूळ पुसू लागल्या. सासरे हयात असताना शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, भारी शौकीन होते. सानगडीच्या पटात त्यांची जोडी धावायची. पटाचा बैल वर्षभर खातो, अंगाला तेल चोळून घेतो आणि वर्षातून दोन-चारदा घटकाभर धावतो. आमच्या भागात त्याला बिनकामाचा म्हणायची कोणाची छाती नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी म्हटलंच, की बैल निदान शेण तरी देतो.

गाडी दुरुस्त करायला घनश्याम सुतार आला. हा रेंगी बनवणारा माणूस. रेंगी म्हणजे आमच्याकडची माणसं न्यायची हलकी बैलगाडी. गाडीचा पत्रा उचकटला तर आत लाकडाचा सांगाडा निघाला, तोही वाळवीने खाल्लेला. घनश्याम हसत सुटला. "भाऊ, हे त रेंगीच होय. वरून टीन ठोकून देल्लं, बस." त्याने सागाचे नवे तुकडे घडवून असे बसवले, की साहेबालाही ओळखू आले नसते. इंजिनाचं काम यांनी स्वतः केलं, निम्मं विचारून आणि निम्मं चुकून. संध्याकाळी दुकान मिटलं की हे अंगणात बसत आणि चाकाची एकेक तार फडक्याने पुसत. माझ्याकडे त्यांनी तेवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

दिवाळीत गाडी सुरू झाली. आणि मग एक पेच पडला, जो विलायतेत कोणाला पडला नसेल.

आमच्याकडे पुरुष पुढे आणि बाई मागे. चालताना तसंच, रेंगीतही तसंच. पुरुष बैलांपाशी, बाया मागे तट्ट्याच्या आडोशाला. हा नियम कोणी केलेला नाही आणि मोडलेलाही नाही. या गाडीला मागे काही नव्हतंच. होती ती एक बाजूची सीट, तीही ड्रायव्हरच्या खांद्याला खांदा लागेल अशी. बायकोने भर रस्त्यात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचं? मग ती जागा मानाने सासूबाईंची झाली. आई मुलाशेजारी बसली तर कोण काय बोलणार? त्या बाजाराला जात, देवळात जात, मांडीवर टोपली आणि नजर समोर. मी दारात उभी राहून धूर पाही.

मला त्या खटाऱ्यात बसायचंच नाही, असं मी शेजारपाजारी सांगत फिरले. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. खरं म्हणजे मला बसायचं होतं. अकरा वर्षांच्या संसारात मी यांची पाठच जास्त पाहिली होती.

बसायला मिळत नव्हतं म्हणून माझा राग सगळा गाडीवर निघाला. पुढच्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाशी, नागपूरहून एक शौकीन माणूस गाडी पाहायला आला. बदल्यात चालू जीप देतो म्हणाला. हे चाकाची तार पुसत राहिले. मीच भांडले. दुकानाचं बघा, धानाचं बघा, किती दिवस हे खेळणं पुसत बसणार? शेवटी हे त्या माणसाला म्हणाले, "ठीक आहे. सानगडीचा पट झाला का दुसऱ्या दिवशी घेऊन जा." वडील जिथे बैल पळवायचे, तिथे त्यांना गाडी एकदा न्यायची होती.

पटाच्या दिवशी सकाळी सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून गाडीपाशी आल्या. यांनी दार उघडलं. त्या तिथेच थांबल्या.

"मी नाई येत. गुडघा दुखते. चंद्रकांताले ने."

"मी नाई," मी म्हटलं. "लोक काय म्हनतील?"

"लोक बैल पाह्याले येतेत वं. तुले नाई." मग त्यांनी मला घराच्या दाराआड ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुया सासऱ्यानं एवढे वर्ष पट हाकला. मी मांगच्या रेंगीतून पाह्यला, बायाईच्या डोक्यावरून. त्याच्या बाजूले मी कधीच नाई बसली. या गाडीत पोराच्या बाजूले बसली, तवा समजलं काय राह्यलं होतं ते. तुयी जागा मी सालभर वापरली. जा आता."

मी गेले. त्या गाडीत बसणं म्हणजे जवळपास जमिनीवरच बसणं, पाय लांब पसरून. हात खाली सोडला असता तर रस्त्याला लागला असता. साकोली सुटली आणि वाऱ्याने माझा पदर उडवला. मी सावरला. पुन्हा उडाला.

"राहू दे," हे म्हणाले.

धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं निळं पीक फुललं होतं. त्याच वाटेने मी पंचवीस वेळा तरी गेले असेन, पण नेहमी मागे तोंड करून. सगळं सरून गेल्यावर दिसायचं. आज तलाव आधी दिसला, मग जवळ आला. मी हे यांना सांगितलं आणि ते हसले. चाकातून येणारा आवाज, घनश्यामने कुठला तुकडा कुठे बसवला, सगळं सांगू लागले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मले एकदाही बस नाई म्हटलं तुमी. काहून?" मी विचारलं.

"तूच त म्हने, खटारा आहे."

यावर मला रडू आलं, ते वाऱ्यावर ढकललं.

पटावर लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं खरं. पण तेवढ्यात जोडी सुटली, धुरळा उठला आणि आम्हाला कोणी विचारलं नाही. परत येताना तलावाच्या पाळीवर मी म्हटलं, "नोका विकू."

"जबान देल्ली ना आता."

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. माझ्याच तोंडाने गेली, दुसऱ्या कोणाला बोल लावू? नागपूरकराने आमच्यासमोरच सीटवर धोतर पसरलं, ती मळू नये म्हणून. तिची किंमत कळलेला माणूस होता, एवढंच समाधान.

जीप आली ती ऐसपैस. मागे समोरासमोर बाकं, आठ माणसं आरामात बसतील. आठवड्याने आम्ही तिघं सानगडीला धान पाहायला निघालो. सासूबाई आधीच मागे चढल्या होत्या. त्यांनी एका बाकावर पाय पसरले होते आणि दुसऱ्यावर टोपली, पिशवी, घोंगडं असं सगळं मांडून ठेवलं होतं. दुकानासमोर चार माणसं उभी होती. मी मागच्या पायरीकडे गेलेच नाही. सरळ पुढे जाऊन दार उघडलं.

यांनी ती सीट सकाळीच पुसून ठेवली होती. चाकाच्या तारा पुसायचं फडकं अजून तिच्यावरच होतं.