एका गोष्टीला एकच थाप

“आता हे कोणालाच पटणार नाही,” असं म्हणत म्हाताऱ्या सुतारानं स्टूल पुढे ओढलं आणि नातीच्या नाकासमोर ठाण मांडलं, “पण आज सकाळी चर्चमध्ये जे झालं, ते ऐकून पाळकसाहेबांनी चष्मा दोनदा पुसला.”

नात कुशीवर वळून, गुडघे हनुवटीला लावून पडली होती. पाठीमागे डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. कण्यात सुई घालून औषध सोडायचं होतं. मागच्या खेपेला ती हलली आणि सुई पुन्हा टोचावी लागली, तेव्हापासून तिनं या खोलीचा धसका घेतला होता. औषधांनी तिचे गाल असे फुगले होते की अख्खा वॉर्ड तिला खारूताई म्हणायचा. डोक्यावर मात्र केसाचा पत्ता नव्हता.

आजोबा-नातीचा करार जुना. गोष्टीत थाप एकच असायची. ती पकडली की गोष्ट तिथंच संपायची, आणि उरलेलं सगळं दोघांनीही खरं मानायचं. या कायद्यानं आजोबांनी आजवर एक वादळ खिळे ठोकून जागेवर बसवलं होतं आणि एका गाढवाला शिडी चढायला शिकवलं होतं. नातीला दोन्ही मान्य होतं. तिनं पकडलेली थाप भलतीच होती: ‘तुझी आजी मला एका शब्दानं बोलली नाही.’

आज मात्र तिचा नूर वेगळा होता. सकाळी तिनं आईला विचारलं होतं, “मी बरी होणार ना गं?” आणि आईनं धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला घेतला होता.

“मग?” नात पुटपुटली.

“मग काय! वेदीपुढचा कठडा खरखरीत झालेला. म्हटलं, रंधा मारू. तर लाकडाची एकच लांब सुरळी निघाली, न तुटता. दारातून बाहेर गेली, चौक ओलांडला, शिट्टी वाजवणाऱ्या पोलिसाला तीन वेढे घातले आणि गपगुमान परत आली.”

“हं.”

पोरीनं अख्खा पोलीस न चावता गिळला होता.

“आता जरा टोचेल हं, खारूताई,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजोबा, तुम्ही थांबू नका. त्या पोलिसाचं काय झालं?”

“उभा आहे अजून, बाई. वाहतूक आपली आपणच चालली आहे.”

नातीनं त्यांचं बोट गच्च धरलं. हसली नाही.

“तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, ‘दुसरं टोक धरू का?’ वळून बघतो तर साक्षात प्रभू! हाताला भुसा लागलेला. तोही सुतारच, आमचा धंदा एकच ना! मग त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. काम करता करता मी हळूच विषय काढला. म्हटलं, माझी नात आहे एक...”

“काय म्हणाला तो?”

आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला इथं थाप मारवेना. पोलिसाचं काही नव्हतं, तो बांधून ठेवता येत होता. पण हेच सकाळभर त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तरादाखल चर्चच्या छपरात कबुतरं तेवढी घुमली होती.

“म्हणाला...” आजोबांनी स्टूल सावरलं. “म्हणाला, बरी होईल.”

आणि ती आता पकडणार या धास्तीनं त्यांनी गोष्ट दामटली, “मी म्हटलं, ठीक. लगेच गुडघे टेकले, एका मिनिटात आमेन, की घरी येऊन चहा!”

कुशीवर असल्यानं नातीच्या डोळ्यांसमोर आजोबांचे गुडघेच होते. काळ्या पँटीवर दोन्हीकडे काथ्याचे तपकिरी तंतू चिकटले होते, कापडात जाळीचा ठसा उमटला होता. वेदीपुढची ती काथ्याची चटई तिच्या ओळखीची होती. रविवारच्या शाळेत प्रार्थना लांबली की तिच्या फ्रॉकवरचे तंतू वेचता वेचता आई मेटाकुटीला यायची.

ती तसूभर हलली नाही. फक्त ओठ हलले.

“पकडली! एक मिनिट नाही काही, आजोबा. खूप वेळ बसला होतात तुम्ही गुडघ्यांवर.”

आजोबांनी दोन्ही गुडघे तळहातांनी झाकले. उशीर झाला होता.

“झालं हं,” पट्टी चिकटवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकाच टोचणीत. शाबास!”

नातीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं आजोबांचा एक हात उचलला, गुडघ्यावरचा एक तंतू चिमटीत धरून काढला आणि त्यांच्यापुढे नाचवला.

“करार म्हणजे करार,” ती म्हणाली. “आता बाकीचं सगळं खरं.”