पंचाहत्तर टक्क्यांवरून परत

जयंतीबाईंना आता त्या पडद्याची चीड यायला लागली होती. कॉम्प्युटर मोठ्या ऐटीत नवी सिस्टीम चढवायला घ्यायचा, पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत अगदी शहाण्यासारखा जायचा, आणि मग काय बिनसायचं देव जाणे, पडदा काळा. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होऊन वर निर्लज्जपणे सांगायचा, केलेले बदल मागे घेत आहोत. केलं काय आणि मागे घेतलं काय, बाईंना काडीचा पत्ता लागत नव्हता.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत नवराबायको कित्येक वर्षं मराठी कंपोझिंग करत होते. पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. जयवंतरावांची नजर हल्ली जवळजवळ गेली होती. समोरच्याचा चेहरासुद्धा त्यांना धूसर दिसे. पण बोटांना कुठे डोळे लागतात? बाई मजकूर वाचत, ते धडाधड टाइप करत, आणि चूक शोधून सापडत नसे. अशात अंधेरीच्या छापखान्यानं निरोप धाडला, जुन्या प्रोग्राममधल्या फायली यापुढे घेणार नाही. नवा प्रोग्राम हवा, आणि तो चालायला नवी सिस्टीम. हातातल्या स्मरणिकेचं काम गेलं की छापखानाही गेला. या वयात दुसरा कुठला छापखाना दारात उभं करणार?

पवईला नोकरी करणाऱ्या लेकीनं, इरावतीनं, म्हणून जुनी डिस्क काढून तिथं एसएसडी नावाची नव्या प्रकारची डिस्क बसवली, जुनं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. बाईंचा पहिला संशय त्या एसएसडीवरच. जुनी डिस्क कुरकुरत का होईना, काम करतेय हे कळवायची. ही बिस्किटाएवढी चपटी, ना आवाज ना हालचाल. शेवटी ती बदलून आणली. बदललेलीही पंचाहत्तरवर आपटली. अँटिव्हायरस काढला, जागा रिकामी केली, तरी तेच. मग इरावतीनं फोनवरून फर्मान काढलं, "मागे जे जे लावलंय ते सगळं काढा."

बाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे टेबलाखाली शिरायचं काम जयवंतरावांचं. त्यांनी चाचपडत प्रिंटरची वायर काढली, स्कॅनरची काढली.

"सगळं काढलं ना?"

"सगळं काढलंय गं. ती डिस्कच टाकाऊ आहे. माझं ऐक, नको ते नवीन."

पुन्हा पंचाहत्तर, पुन्हा काळा पडदा.

"काहीतरी राहिलंय यार आई," इरावती वैतागली. "मागचा फोटो काढून पाठव ना."

टेबलाला धरून, कण्हत कुथत बाई खाली बसल्या. मागच्या बाजूला अंगठ्याएवढी निळी वस्तू खोचलेली होती. लॉक! जुन्या मराठी प्रोग्रामबरोबर आलेलं. ते लावलेलं असलं तरच तो प्रोग्राम उघडायचा. इतकी वर्षं तिथंच असल्यामुळे ती वेगळी वस्तू आहे हेच बाई विसरल्या होत्या. पण त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी जुनी नव्हती. कालपरवा लावल्यासारखी चकचकीत होती.

फोटो पाहताच इरावती ओरडली, "हेच ते! नव्या सिस्टीमला हे लॉक झेपत नाही, तिथंच ती आपटते. काढ. पण मग जुना प्रोग्राम गेला हं. आणि नव्यात सगळी अक्षरं वेगळ्या जागी आहेत, बाबांची पद्धत त्यात नाहीये. हे पद्धतीचं मी बाबांना आधीच सांगितलं होतं. ते बोलले नाहीत तुला?"

बाईंनी फोन ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला दिसत नाही," जयवंतराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"हाताला तर लागलं असेल!"

"लागलं. अगं, वाचता येत नाही, रस्ता एकट्यानं ओलांडता येत नाही. हे एवढं एक येतंय. तेही गेलं तर दिवसभर मी करायचं काय?"

बाईंना संताप आला, रडूही आलं, आणि आधी काय करावं ते कळेना. काम राखावं तर नवरा रिकामा बसणार, नवऱ्याचं राखावं तर कामच राहणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मग त्यांनी नखानं चिकटपट्टी सोलली.

या वेळी सिस्टीम निमूट शंभरपर्यंत गेली. संध्याकाळी बाईंनी नवा प्रोग्राम उघडला आणि हाक मारली, "या, बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना."

जयवंतराव बसले. बोटं आपापल्या जागी गेली. बाईंनी स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत वाचायला घेतलं, "ग्रामदेवतेच्या कृपेने आपले मंडळ..." बोटं धडाधड चालली. पडद्यावर अक्षरं उमटत गेली. अक्षरं मराठी होती, पण एकही शब्द मराठी नव्हता.

"बरोबर आलं?" जयवंतरावांनी विचारलं. "इरावती तर म्हणत होती..."

"तिनं शोधली काहीतरी वाट."

"पण बरोबर आलं का?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. हे सगळं पहाटे उठून आपल्यालाच पुन्हा टाइप करायचंय, एकेक अक्षर शोधत.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य वाचू लागल्या.