बाईंची टाच

बाईंनी उभं आयुष्य नर्सिंगच्या शाळेत मुलींना रुग्णसेवा शिकवण्यात घालवलं. निवृत्तीनंतर न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्या शाळेच्याच इस्पितळात पेशंट म्हणून येऊन पडल्या. नशीब म्हणायचं, दुसरं काय. वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ऑपरेशन झाल्यावर एकेक जण भीत भीत विचारपूस करायला आली आणि बाईंनी प्रत्येकीच्या गणवेशात काही ना काही खोट काढून तिला परत पाठवलं.

वॉर्डाची इन्चार्ज सिस्टरही त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत तिला बाई चष्मिस म्हणायच्या, आणि चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून सगळ्या वर्गासमोर पलंग पुन्हा पुन्हा घालायला लावायच्या. आता तिच्या कानाशी केस पांढरे झाले होते, पण बाईंसमोर उभी राहिली की हात आपोआप मागे जायचे.

बाईंना एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या पायांनी स्वतःच्या घरी परत जायचं. दोन खोल्या, वर जायला जिना, दाराला आपली किल्ली. मुलीने आपल्या घरात नातवंडांच्या टेबलाशेजारी आईसाठी कोपरा रिकामा करून ठेवला होता. मुलगी मायेची, पण तिची माया म्हणजे पोलिसी पहारा. त्या कोपऱ्यात एकदा बसलं की उठायचं ते चौघांच्या खांद्यावरच, हे बाई ओळखून होत्या.

हाडाचा पेशंट पडून असला की त्याच्या टाचा रोज बघाव्या लागतात. टाच तळहातावर उचलायची, लाल दिसेल तिथे बोटाने दाबायचं. दाबूनही लाली हटली नाही तर आत मांस मरायला लागलंय असं समजायचं. मधुमेहवाल्यांचं तर फारच जपावं लागतं, कारण त्यांच्या पायाला दुखतच नाही. बाईंना मधुमेह होता. शिवाय हा सगळा धडा शिकवलेला त्यांनीच.

पहिल्याच सकाळी इन्चार्जने पायावरची चादर उचलली, तर बाईंनी ती वरून धरून ठेवली. तासाभरापूर्वीच दोन कोवळ्या पोरींनी त्यांना कुशीवर वळवून बेडपॅन दिलं होतं आणि बाई छताकडे बघत पडल्या होत्या. होती नव्हती तेवढी लाज गेली होती. निदान पाय तरी आपला राहू दे, असं त्यांना वाटलं.

"राहू दे गं. माझं मी बघते," त्या म्हणाल्या.

खुबा शिवलेल्या बाईला स्वतःची टाच कशी दिसणार? दुसरा कुठलाही पेशंट असं म्हणाला असता, तर इन्चार्जने हसत हसत चादर ओढली असती. पण या बाई होत्या. त्यांनी उशाखालचा हातआरसा दाखवला, टाच गुलाबी आहे म्हणून सांगितलं, आणि ती मान डोलावून पुढे गेली. रोज सकाळी ती विचारायची, रोज बाई ठीक आहे म्हणायच्या. आरसा त्यांनी एकदाही पायाकडे नेला नव्हता.

मग वास आला. त्या वासाला या धंद्यातल्या माणसाला नाव सांगावं लागत नाही. बाईंनी आधी मोरीवर आळ घेतला, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या ड्रेसिंगवर. मुलीकडून पावडरचा डबा मागवला आणि चादरीवर भरपूर पावडर मारली. सांगितलं तर मुलीला कळणार, मुलीला कळलं की कोपरा ठरलेला. उद्या बघू, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं.

शेवटी त्यांना उभं करायला डॉक्टर आले आणि पायावरची चादर काढल्यावर टाच काळीठिक्कर निघाली. विष वर चढत होतं. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

मुलीने वॉर्ड डोक्यावर घेतला. मेट्रन आल्या. इन्चार्ज खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, चेहरा पांढराफटक. टाचा रोज तपासत होतात का, असं मेट्रननी विचारलं. रोज विचारत होते, ती म्हणाली.

"विचारत होतात की बघत होतात?"

तिने बाईंकडे बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. ते बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण मुलगी समोर उभी होती, आणि ते वाक्य बोलायचं म्हणजे पाय आपणच आपल्या हाताने घालवला हे कबूल करायचं. तेवढा घोट त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मी पेशंट आहे," बाई म्हणाल्या. "बघायचं काम तिचं होतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. परीक्षेत कुणी लिहिलं असतं तर बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. चौकशी होईपर्यंत इन्चार्जला वॉर्डावरून काढून चादरी-कपड्यांच्या कोठारावर बसवायचं ठरलं.

जाण्याआधी टाचेचं शेवटचं ड्रेसिंग तिनेच केलं. हात इतका हलका की बाईंना स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची किळस आली. ती रागावेल, निदान डोळ्यांत पाणी तरी आणेल, याची त्या वाट बघत राहिल्या. ती पट्टी गुंडाळत राहिली.

"चष्मिस," बाई हळूच म्हणाल्या, "मीच तुला बघू दिलं नाही. मेट्रनना सांगते मी. आत्ता बोलाव त्यांना."

इन्चार्जने पट्टीचं टोक चिकटवलं, चादर सारखी केली आणि त्यांच्या हातावर थोपटलं. वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती थोपटायची, तसंच.

"आता आराम करा हं, आजी," ती म्हणाली आणि ट्रॉली घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.