चार बोटं खालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, लंगडी खुर्ची आहे. हसू नका! मी काही स्वयंपाकघरात चुलीपाशी पडलेली खुर्ची नव्हे. वेस्टरहोल्मच्या दरबारात सिंहासनाच्या डाव्या बाजूला माझी जागा होती. मी राणीच्या नवऱ्याची खुर्ची. आमच्याकडचा रिवाजच तसा होता. राणीने भर दरबारात ज्याला हात धरून माझ्यात बसवलं, तो तिचा नवरा. तोवर माझ्यात कुणी बसायचं नाही. मांजर चढलं तर त्यालाही हाकलत.

राणी ओडिला गादीवर आली, त्या वर्षीचा माझा जन्म. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. कास्पर सुताराने एक मोठा ओक पाडला आणि त्यातून दोन खुर्च्या घडवल्या. बुंध्याची झाली थोरली, म्हणजे सिंहासन. वरच्या खोडाची झाले मी. एकाच झाडाच्या आम्ही बहिणी, पण वाटणी बघा! तिला सोन्याचा मुलामा, मला नुसतं मेण. तिच्या डोक्यावर मखमलीचं छत, माझ्या डोक्यावर काही नाही. वर आणखी कायदा असा, की नवऱ्याची खुर्ची राणीच्या खुर्चीपेक्षा चार बोटं खाली हवी. कास्परने बोटं लावून मापलं आणि माझे पाय कापले. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कधी थांबलंच नाही.

रोज सकाळी योहाना दासी पुसायला यायची. थोरलीला चोळचोळ चोळायची आणि जाता जाता माझ्यावरून फडकं फिरवायची. मग राणी येऊन थोरलीत बसायची. विचारात पडली, की थोरलीच्या हातावर कोरलेल्या सिंहाचं डोकं अंगठ्याने कुरवाळत राहायची. अहो, माझ्याही हातावर तस्साच सिंह होता! त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. दरबार उठला तरी थोरली उबदार असायची आणि मी गारढोण. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मला एकच आस होती, कुणीतरी माझ्यात बसावं. राज्यालाही तीच घाई. राणीला ना मूल, ना भाऊ. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर दोन चुलत घराणी गादीसाठी तलवारी उपसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रधान ब्रांट तर दर दरबारात तेच टुमणं लावायचे.

"महाराणीसाहेब, लग्नाचं काय ठरवलंत?"

"ब्रांट, परवाच तर विचारलंत."

"परवा उत्तर मिळालं नाही."

"मग आजही तेच घ्या," असं म्हणून राणी हसायची.

शेवटी दक्षिणेतल्या एका ड्यूकचा वकील लग्नाची बोलणी घेऊन आला. बरोबर ड्यूकची तसबीर होती. माणूस देखणा होता, पण बोलणी येऊन अडली माझ्या पायांवर. वकील म्हणाला, "आमचे ड्यूक बायकोपेक्षा चार बोटं खाली बसायचे? छे! खुर्ची बरोबरीची करा." तीन आठवडे खल झाला. अखेर कास्परला बोलावून माझ्या पायांना चार-चार बोटांचे ठोकळे जोडायला सांगितलं.

कास्परने जोडता जोडता विचारलं, "वकीलसाहेब, आणि ड्यूक बुटके निघाले तर? उंची खुर्चीची मोजायची की माणसाची?"

वकिलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मित्रांनो, माझं सुख काय सांगू! पहिल्यांदाच मी थोरलीच्या बरोबरीने उभी होते. ते सुखही दोन महिनेच टिकलं. आपलं सैन्य आमच्या किल्ल्यांत ठेवायची अट ड्यूकने घातली आणि राणीने तसबीर परत धाडली.

मग आला टोर्बेन. राणीच्या पागेचा सरदार. तो आमच्या दोघींच्या मध्ये उभा राहायचा, थोरलीच्या हातावर कोपर टेकून आणि माझ्याकडे पाठ करून. घोड्यांच्या खोड्या सांगायचा आणि राणी इतकी हसायची, की थोरली हलायची. मला कुणाच्या हसण्याने कधी हलायला मिळालं? त्याच्या तलवारीचं म्यान तेवढं माझ्या पाठीवर आपटायचं.

एका दरबारात राणी उठून म्हणाली, "रविवारी मी टोर्बेनला बसवणार."

ब्रांटनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण बाकीचे सरदार लगेच कुरकुरले. "आपल्यातलाच एक माणूस. त्याला कशाला चार बोटं? सहा बोटं खाली बसू दे." टोर्बेन ते ऐकून लालबुंद झाला, पण राणीकडे बघून गप्प राहिला. गप्प राहता आलं नाही ते मला, मी करकरले. सहा बोटं!

कास्परने ठोकळे उपटले, पाय आणखी कापले. मग मला उलटी करून बघत तो म्हणाला, "प्रधानजी, मागच्या पायाचा सांधा उघडलाय. सरस भरतो, पण वाळायला चार दिवस द्या."

"चार दिवसांत महाराणींचं मन फिरलं तर? परवा खुर्ची जागेवर हवी."

"अहो, माणूस बसायचाय यात!"

"कास्पर, परवा म्हणजे परवा."

रविवार उजाडला. राणीने हिरवा झगा घातला होता. तिने टोर्बेनचा हात धरला आणि त्याला माझ्यापाशी आणलं. मित्रांनो, इतकी वर्षं ज्या क्षणासाठी मी झुरले, तो आला होता. आणि बसता बसता टोर्बेनने काय करावं? त्याने दुसरा हात थोरलीच्या सिंहावर ठेवला. त्याची नजर थोरलीवर, राणीची नजर त्याच्यावर. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सांधा ओला होता हे खरं. पण जीव एकवटून धरला असता, तर तेवढा दिवस निभावला असता. मी धरला नाही.

टोर्बेन पाय वर करून उताणा पडला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. कुणी म्हणालं, "अपशकुन!" राणीने हात पुढे केला, पण तो आपला आपण उठला.

"टोर्बेन, ऐकून तरी घे."

"सहा बोटांचं ऐकलं होतं, महाराणीसाहेब. तेव्हा गप्प बसलो. आता मुद्दाम मोडकी खुर्ची मांडून माझा तमाशा केलात."

तो गेला तो थेट उत्तरेतल्या आपल्या गावी, आणि परत आला नाही. तीन वर्षांनी त्याने तिकडेच लग्न केलं. बिचाऱ्या कास्परचं काम गेलं. जाण्याआधी त्याने माझ्या पायाला लोखंडी पट्टी ठोकून दिली. ब्रांट म्हणाले, हिला जाळून टाका. राणी एवढंच म्हणाली, "राहू दे." पण त्यानंतर तिने कुणाचा हात धरला नाही, आणि माझ्याकडे वळून बघितलंही नाही.

एकतीस वर्षं गेली. राणीचे केस पिकले, मग गळले. थोरलीचा मुलामा तिच्या अंगठ्याखाली झिजून गेला. त्या झिजेचासुद्धा मला हेवा वाटायचा.

शेवटच्या हिवाळ्यात राणीचा आवाज बसला. वैद्य म्हणाला, आडवं व्हा. ती होईना. दोन्ही चुलत घराण्यांची माणसं दरबारात समोरासमोर उभी होती, हात तलवारींच्या मुठींवर. म्हातारे ब्रांट काठी टेकत पुढे आले.

"महाराणीसाहेब, आता तरी वारसाचं नाव घ्या. नाहीतर उद्या इथे रक्त सांडेल."

राणी उठली. गर्दीतून तिने उल्रिकाचा हात धरला. उल्रिका तिच्या चुलत्याची नात, पस्तिशीची, फटकळ, पण शहाणी बाई. राणीने तिला हात धरून आणलं आणि थोरलीत बसवलं. राणी हात धरून बसवते तेव्हा ते ठरलं, हा आमचा रिवाज. मुठींवरचे हात हळूहळू खाली आले.

"आणि तुम्ही, आत्या?" उल्रिकाने घाबरून विचारलं.

राणी माझ्यात बसली.

केवढीशी झाली होती ती! तिने माझ्या सिंहाच्या डोक्यावर अंगठा ठेवला. मग वाकून ती लोखंडी पट्टी चाचपली आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "उगाच राग धरला गं तुझा, इतकी वर्षं. तुझा काय दोष? घाई आमचीच होती."

दुपारभर ती सिंह कुरवाळत बसून होती. दुपारभर मी तो सांधा धरून ठेवला, पट्टीवर न विसंबता, माझ्या जिवावर. ऊन खिडकीतून सरकलं तेव्हा तिचा अंगठा थांबला होता.

मित्रांनो, घरातली एखादी खुर्ची हलायला लागली, तर तिला सरस भरा आणि वाळायला चार दिवस द्या. आणि शेजारणीला मऊ उशी मिळाली म्हणून कधी आपला सांधा सोडू नका. मी सोडला होता. तिने मला माफ केलं ते माझा दोष नाही असं समजून, आणि खरं सांगायला मला तोंड नव्हतं.