सुजलेल्या पायांचा कौल

सातवा महिना लागला आणि तिच्या शरीरावर तिचा हक्कच उरला नाही. पोट टोकदार दिसतं म्हणून सासूबाईंच्या मते मुलगा, चेहरा काळवंडला म्हणून नणंदेच्या मते मुलगी. ती शिवणकाम करायची त्या दुकानातले मास्तर तर रोज तिचा कोणता पाय आधी आत पडतो यावर डोळा ठेवून बसलेले. तिनं काही म्हणावं, की ते या मंडळींच्या वादात पुरावा म्हणून जमा!

"आई, पाय फार सुजलेत हो."

"मग! माझ्या वेळीही अस्सेच सुजले होते. मुलगाच," सासूबाई खूश.

"आणि चेहरा सुजलाय त्याचं काय?" नणंद म्हणाली. "मुलगी आईचं रूप चोरते, वहिनी. लिहून ठेव."

डोकं ठणकतंय म्हणाली, तर डोकेदुखी कोणाच्या बाजूनं धरायची यावर दोघींची पुन्हा जुंपली. "मला काहीही चालेल बाबा," म्हणून नवऱ्यानं हात झटकले. जसं काही तिनं त्याला पसंती विचारली होती! तिला दवाखान्यात जायचं होतं. तपासणीला अजून बारा दिवस आहेत, असं तिघांचं एकमत झालं. एकमत झालं ते नेमकं इथेच.

गुरुवारी दुकानात तिला सुईचं भोकच दिसेना. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिनं गळ्यातली टेप काढली, पाय स्टुलावर ठेवला आणि घोटा मोजला. गेल्या आठवड्यात साडेनऊ इंच होता, आज अकरा.

"आधी उजवा उचललास," मास्तर कौतुकानं म्हणाले.

"मास्तर, गाडी बोलवा," ती ओरडली. "आणि घरी फोन करा!"

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला. मग पुन्हा मोजला आणि नर्सला लगेच खाट तयार करायला सांगितली. तोवर घरचे धापा टाकत पोहोचले होते.

"सूज कधीपासून आहे?"

"तीन आठवडे," सासूबाई चटकन म्हणाल्या. "आधी डावा पाय, दुसऱ्या दिवशी उजवा."

"चेहरा दहा दिवस. डोळ्यांखाली जास्त," नणंद म्हणाली.

"सोमवारपासून भिंत धरून चालते," दारातून मास्तर.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "एवढं सगळं दिसत होतं, मग आणलं का नाही?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागले. ती खाटेवर पडून सगळं ऐकत होती. एकही खूण यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

"पण डॉक्टर," सासूबाई पुढे झाल्या, "मुलगा ठीक आहे ना?"

"मी मेले नाहीये अजून!" ती खाटेवरून किंचाळली. "मुलगा की मुलगी ते राहू द्या. आधी मी वाचते का, ते विचारा!"

नवऱ्यानं डॉक्टरबाईंकडे पाहून तोंड उघडलं, पण विचारायचा धीर त्याला झाला नाही.